दोन शत्रू, एकच आरमार : ‘आधी जर्मनी’ या निर्णयाचं प्रकरण

जर्मन बलाढ्य की जपानी? दुसऱ्या महायुद्धावर गप्पा रंगल्या की हा प्रश्न हमखास निघतो. मग टायगर रणगाडा एका पारड्यात पडतो, झीरो विमान दुसऱ्या पारड्यात, आणि रात्र सरली तरी वाद मिटत नाही. १९४० च्या नोव्हेंबरात मात्र एका माणसाला हा प्रश्न कर्तव्य म्हणून सोडवावा लागला. अमेरिकेचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल हॅरॉल्ड स्टार्क यांच्यापुढे दोन संभाव्य शत्रू होते, दोन महासागर होते आणि आरमार एकच होतं. त्यांनी काय मोजलं, काय मोजायचं राहून गेलं आणि कागदावरचा निर्णय पुढच्या चार वर्षांत कुठे कुठे ताणला गेला, ते इथे मांडतो.

पार्श्वभूमी

मे-जून १९४० मध्ये जर्मनीने सहा आठवड्यांत फ्रान्स पाडला. पहिल्या महायुद्धात जर्मनांना चार वर्षं झुंजूनही जे जमलं नव्हतं, ते या वेळी उन्हाळा संपायच्या आत झालं. अटलांटिक हा आपला खंदक आणि त्या खंदकावर पहारा ब्रिटिश आरमाराचा, असं अमेरिकी अधिकारी कित्येक वर्षं गृहीत धरून चालले होते. आता ब्रिटनच पडलं तर, हा विचार त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने करावा लागला.

पूर्वेकडे जपान १९३७ पासून चीनमध्ये लढत होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्याचं सैन्य उत्तर इंडोचायनात शिरलं आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला जर्मनी, इटली व जपान यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. दोन वेगळ्या संकटांना एकच नाव मिळालं.

अमेरिकी नौदलाची तयारी मात्र जुन्याच रुळावर होती. ‘ऑरेंज’ या सांकेतिक नावाची योजना अनेक वर्षं घोटली जात होती. तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्सवर जपानने हल्ला केला की आरमाराने प्रशांत महासागर ओलांडायचा, वाटेतली बेटं घ्यायची आणि एका मोठ्या सागरी लढाईत निकाल लावायचा. नौदलातल्या एका सबंध पिढीची कारकीर्द या योजनेवर घडली होती. मे १९४० पासून मुख्य आरमार हवाईतल्या पर्ल हार्बरला ठेवलं गेलं, जपानला वचक बसावा म्हणून. तिथले सरसेनापती अ‍ॅडमिरल रिचर्डसन यांनी त्याला उघड विरोध केला. तळ अपुरा आहे आणि आरमार तयार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काही महिन्यांत त्यांना पदावरून हलवलं गेलं.

पेच

जुलै १९४० मध्ये अमेरिकी काँग्रेसने दोन्ही महासागरांत पुरेल एवढं आरमार बांधायला मंजुरी दिली होती. पण युद्धनौका मंजुरीने तरंगत नाही, तिला बांधायला वर्षं लागतात. तोवर जे होतं ते एकच. पनामा कालव्यातून ते इकडून तिकडे नेता येत होतं, दोन्हीकडे एकाच वेळी ठेवता येत नव्हतं.

राजकीय बाजूही सोपी नव्हती. ५ नोव्हेंबरला रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले ते ‘तुमच्या मुलांना परक्या युद्धात पाठवणार नाही’ असं प्रचारात सांगून. स्टार्क यांना राष्ट्राध्यक्षांकडून स्पष्ट धोरण मिळत नव्हतं आणि धोरणाशिवाय जहाजं कुठे ठेवायची हे ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच टिपणाचा मसुदा लिहायला घेतला, मग आपल्या अधिकाऱ्यांकडून तो घासूनपुसून घेतला आणि १२ नोव्हेंबरला नौदलमंत्री नॉक्स यांच्याकडे पाठवला. कनिष्ठाने वरिष्ठाला ‘तुम्ही निर्णय घेत नाही’ असं तोंडावर सांगता येत नसेल, तर निर्णयाचे पर्याय लिहून पुढे ठेवायचे. हे टिपण त्या जातीचं होतं.

दोघांची ताकद मोजताना

त्या वेळच्या आकड्यांकडे बघितलं तर गोंधळच जास्त होतो. समुद्रावर जपान जर्मनीच्या कितीतरी पुढे होता. डिसेंबर १९४१ पर्यंत त्याच्याकडे दहा विमानवाहू नौका होत्या. जर्मनीकडे एकही नव्हती. ‘ग्राफ झेपेलिन’ नावाची एक बांधायला घेतली होती, ती कधीच पूर्ण झाली नाही. जपानी आरमाराचा प्राणवायूवर चालणारा टॉर्पेडो त्या काळात जगात अजोड होता. झीरो विमान १९४० मध्येच चीनच्या आकाशात दिसलं होतं. उलट जर्मनीला इंग्लिश खाडीतलं जेमतेम तेहतीस किलोमीटरचं पाणी ओलांडता आलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा तिच्या पाणबुड्याही अवघ्या ५७ होत्या.

जमिनीवर चित्र उलटं. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर तीस लाखांहून अधिक सैनिक आणि तीन हजारांवर रणगाडे घातले. जपानी लष्कराची संख्या लहान नव्हती. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच्या ५१ डिव्हिजन होत्या. पण बहुतेक चीन आणि मांचुरियात अडकलेल्या होत्या. मलाया, फिलिपिन्स, डच ईस्ट इंडीज या सगळ्या मोहिमेसाठी त्यातल्या फक्त ११ काढता आल्या. जर्मनीने युद्धकाळात रणगाडे आणि त्यांच्या जातीची स्वयंचलित तोफगाडी मिळून चाळीस हजारांच्या वर बनवली. जपानचे १९३१ पासूनचे सगळे रणगाडे मोजले तरी सहा-साडेसहा हजारांच्या आसपास भरतात.

अशी तुलना करताना मला एक रीत उपयोगी वाटते : दोघांशी लढलेला तिसरा शोधायचा. सोव्हिएत रशियाची लाल सेना त्यातली एक. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर, खाल्किन गोल नदीच्या काठी, सोव्हिएत सेनापती झुकॉव्ह यांनी रणगाडे आणि तोफा एकवटून जपानची २३ वी डिव्हिजन जवळपास संपवली. दोनच वर्षांनी तीच लाल सेना जर्मनांपुढे मॉस्कोच्या वेशीपर्यंत मागे रेटली गेली. अर्थात हे माप सरळ नाही. खाल्किन गोलला झुकॉव्ह तयारीनिशी आले होते. १९४१ मध्ये रशिया बेसावध सापडला. तरी खुल्या मैदानातल्या यांत्रिक युद्धात कोण कुठे होता, हे त्यातून कळतं.

असा आणखी एक तिसरा आपल्या घरचा आहे. मराठा पलटणी दोघांशीही लढल्या. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा बटालियन होती. पाण्याचा तुटवडा होता, टेकडीवरच्या कातळात खंदक धड खणता येत नव्हते, आणि जपानी पायदळ पुन्हापुन्हा चाल करून येत होतं. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी वेढ्यातून वाट काढली. तिथे जपान्यांचे जे दिवस मोडले, ते कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला मिळाले. त्याच वर्षी १० जुलैला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जायबंदी झाले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते घेतलं, आणि तिथेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नामदेव जाधव यांनी सुरुंगांनी भरलेल्या काठावरून जखमी साथीदारांना पाठीवर आणलं आणि मग मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या दोन आघाड्या शेजारी ठेवल्या की ताकदीचा फरक दिसतो. जर्मन सैन्य इटलीत हरत होतं, पण नदीमागून नदी, सुरुंग आणि मशीनगनची आखीव जाळी लावत, हिशेबाने मागे सरत होतं. जपानी सैन्य रसदीची खात्री नसताना डोंगर ओलांडून आलं होतं. पंच्याऐंशी हजारांच्या आसपास सैनिक इंफाळ मोहिमेत उतरले, त्यातले सुमारे तीस हजार मेले, आणि त्यांतले कितीतरी भुकेने आणि रोगाने. धैर्यात कुणी कमी नव्हतं. पाठीमागे काय उभं आहे, याचा तो फरक होता.

आणि स्टार्क यांच्या मोजणीचा गाभा तोच होता, असं मी मानतो. युद्धानंतर मांडल्या गेलेल्या एका अंदाजात १९३७ सालची जगातली युद्धक्षमता वाटून दाखवली आहे. त्यात अमेरिकेचा वाटा ४१ टक्क्यांहून जास्त, जर्मनीचा सुमारे १४, जपानचा साडेतीनच्या आसपास. जपानचं पोलाद वर्षाला सत्तर लाख टनांच्या घरात होतं. त्याचं सुमारे ऐंशी टक्के तेल तर खुद्द अमेरिकेतून येत होतं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने तेल बंद केलं तेव्हा जपानकडे साधारण दीड-दोन वर्षांचा साठा उरला. म्हणजे जपानच्या हातातली तलवार धारदार होती, पण वाळूचं घड्याळ उलटं झालं होतं. जर्मनीच्या ताब्यात मात्र आता फ्रान्स, बेल्जियम, चेक प्रदेश यांचे कारखाने, खाणी आणि मजूर होते. तिला दोन-तीन वर्षं निवांत मिळाली असती तर ती आणखी मोठी झाली असती. प्रश्न आज कोण बलवान आहे हा नव्हता. एकाला तसंच सोडलं तर उद्या तो किती वाढेल, हा होता.

समोरचे पर्याय

स्टार्क यांनी चार पर्याय मांडले. पहिला, फक्त अमेरिका खंडाचं रक्षण करायचं आणि बाहेर कुणाला साहित्याखेरीज काही द्यायचं नाही. दुसरा, सगळी ताकद जपानवर लावायची आणि अटलांटिकमध्ये बचाव. तिसरा, दोन्हीकडे सारखाच जोर. चौथा, अटलांटिकमध्ये ब्रिटनच्या साथीने आक्रमण आणि प्रशांत महासागरात बचाव. चौथा म्हणजे इंग्रजी अक्षरक्रमातला ‘डी’. बिनतारी संदेशात त्या अक्षराला तेव्हा ‘डॉग’ म्हणत, म्हणून हे टिपण ‘प्लॅन डॉग’ या नावाने ओळखलं जातं.

दुसरा पर्याय नौदलाच्या मनातला होता, ऑरेंज योजनेचाच वारस. तो बाजूला सारायला नौदलप्रमुखालाच धाडस लागलं, याची नोंद घ्यायला हवी. स्टार्क यांचा युक्तिवाद असा : जपानला पूर्ण हरवायचं तर आपली जवळपास सगळी ताकद तिकडे जाईल, त्या काळात ब्रिटन कोसळलं तर जपान जिंकूनही हाती काही राहणार नाही. ब्रिटन जिंकलं तर आपण सगळीकडे जिंकू शकतो. ब्रिटन हरलं तर कदाचित सगळीकडे हरणार नाही, पण कुठेही जिंकणार नाही असं होऊ शकतं.

तिसरा पर्याय दिसायला सर्वांत न्याय्य वाटतो, आणि म्हणूनच धोक्याचा. दोन्हीकडे अर्धं अर्धं दिलं की दोन्हीकडे अपुरं पडतं. त्यांनी तो शब्दांत फेटाळला. पुढे प्रत्यक्षात मात्र बऱ्याच अंशी तोच घडला.

पहिला निर्णय : कागदावर होकार, सहीशिवाय

रूझवेल्ट यांनी चौथ्या पर्यायावर शिक्कामोर्तब केलं नाही आणि तो नाकारलाही नाही. ब्रिटिशांशी गुप्त बोलणी करायला परवानगी दिली. जानेवारीअखेरपासून मार्च १९४१ अखेरपर्यंत वॉशिंग्टनमध्ये ही बोलणी झाली. ब्रिटिश अधिकारी साध्या कपड्यांत आले होते. जर्मनी हा मुख्य शत्रू, यावर एकमत झालं. सिंगापूरवर झालं नाही. तुमच्या आरमाराचा काही भाग सिंगापूरला पाठवा, अशी ब्रिटिशांची विनंती होती. अमेरिकनांनी ती स्पष्ट नाकारली : ब्रिटिश साम्राज्याच्या पूर्वेकडच्या तळासाठी आम्ही आमचं आरमार विखरणार नाही.

मे १९४१ मध्ये तीन युद्धनौका आणि ‘यॉर्कटाउन’ ही विमानवाहू नौका पॅसिफिकमधून, म्हणजे प्रशांत महासागरातून, अटलांटिककडे हलवण्यात आल्या. ‘आधी जर्मनी’ची ही पहिली ठोस किंमत. प्रशांत महासागरातला वचक तेवढा कमी झाला.

दुसरा निर्णय : संतापाच्या आठवड्यात

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. २,४०० हून अधिक अमेरिकन मेले. साऱ्या देशाचा राग जपानवर होता आणि जर्मनीशी तर अजून युद्धही नव्हतं. त्या आठवड्यात कोणत्याही सरकारला ‘आधी जर्मनी’ म्हणणं अवघड होतं. ११ डिसेंबरला हिटलरने स्वतःच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ती अडचण दूर केली. टिपणाच्या यशातला हा वाटा शत्रूने दिलेला आहे. तो स्टार्क यांच्या दूरदृष्टीच्या खात्यावर मांडता येत नाही.

२२ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत चर्चिल आणि रूझवेल्ट यांची त्यांच्या सेनाधिकाऱ्यांसह परिषद चालली. जर्मनी हाच मुख्य शत्रू, ती पडली की इटली आणि जपानचा पराभव ओघाने येईल, असं तिथे लिहून ठरलं. दरम्यान १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश नौका जपानी विमानांनी बुडवल्या होत्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. एप्रिलमध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले झाले, विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले, आणि ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या आरमाराला माघार घ्यावी लागली. त्याच्या जुन्या नौका केनियातल्या किलिंदिनीला गेल्या आणि वेगवान तुकडी मुंबईला आली. ‘बचाव’ या एका शब्दात पॅसिफिक आणि हिंदी महासागर मावत नाहीत, हे पाच महिन्यांत दिसलं.

तिसरा निर्णय : जहाजांचा हिशेब

या काळातला सर्वांत स्वच्छ विचार मला एका ब्रिगेडियर जनरलच्या टिपणात दिसतो. ड्वाइट आयझेनहॉवर तेव्हा वॉशिंग्टनमध्ये युद्धयोजना विभागात होते. २८ फेब्रुवारी १९४२ च्या टिपणात त्यांनी कामांचे दोन ढीग केले : अत्यावश्यक आणि इष्ट. अत्यावश्यक तीनच. ब्रिटन सुरक्षित राखणं. रशियाला युद्धात टिकवणं. आणि भारत व मध्यपूर्व हातचे जाऊ न देणं, म्हणजे जर्मन आणि जपानी एकमेकांना येऊन भिडणार नाहीत. नैऋत्य पॅसिफिकमधलं बरंचसं काम त्यांनी इष्टच्या ढिगात टाकलं. त्याचं कारणही साधं होतं : तेवढंच सैन्य अटलांटिकपार पोसायला जेवढी जहाजं लागतात, त्याच्या तिप्पट-चौपट नैऋत्य पॅसिफिकला लागतात. एका फेरीला वेळच तेवढा जातो. शत्रूची ताकद मोजताना त्याच्यापर्यंतचं अंतर मोजायचं असतं, हे त्यांनी आकड्यात दाखवलं.

दोन शत्रूंनी एकमेकांना भिडण्याची ती भीती पुढे कशी ओसरली याचं एक चित्र आपल्या ओळखीचं आहे. २८ एप्रिल १९४३ ला मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले, एका रबरी तराफ्यावरून. बर्लिन आणि टोकियो यांच्यातला दुवा शेवटी तेवढ्याच रुंदीचा राहिला. दोन्ही देशांनी एकत्र आखलेली एकही मोठी मोहीम झाली नाही. स्टार्क आणि आयझेनहॉवर यांना हे आधी कळणं शक्य नव्हतं. त्यांनी वाईटातलं वाईट धरलं ते बरोबरच होतं.

चौथा निर्णय : जुलै १९४२

याच ठिकाणी सगळं उलटण्याच्या बेतात आलं होतं. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांना १९४२ मध्येच फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायचं होतं, निदान मर्यादित हल्ला तरी करायचा होता. जुलैच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी त्याला ठाम नकार दिला आणि उत्तर आफ्रिकेचा पर्याय पुढे केला. मार्शल वैतागले. नौदलाची धुरा आता अ‍ॅडमिरल अर्नेस्ट किंग यांच्याकडे होती आणि त्यांचं मन पहिल्यापासून पॅसिफिककडे होतं. १० जुलैला दोघांनी मिळून सुचवलं : ब्रिटिश आपल्या शब्दावर राहत नसतील तर आपण सगळा जोर जपानकडे वळवू.

१२ जुलैला रूझवेल्ट यांनी उत्तर दिलं : मग त्याची तपशीलवार योजना आजच्या आज पाठवा. किती सैन्य, किती जहाजं, किती दिवस, आणि रशियाचं काय होईल. योजना नव्हतीच. दोन दिवसांनी त्यांनी प्रस्ताव फेटाळला. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने नेमकं हेच करावं अशी जर्मनीची इच्छा असणार, पॅसिफिकमधली बेटं घेऊन यंदा किंवा पुढच्या वर्षी जगाच्या परिस्थितीत काही फरक पडणार नाही, आणि रशियाला त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा रोख होता. सहीखाली त्यांनी सरसेनापती हे पद लिहिलं, एरवी ते असं क्वचितच करत. नोव्हेंबरात अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं.

मार्शल यांचा प्रस्ताव ब्रिटिशांवर दबाव आणण्यापुरता होता की मनापासून, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मला रूझवेल्ट यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. धोरण बदलायचं असेल तर बदललेल्या धोरणाचा हिशेब मांडा, ही एकच मागणी पुरेशी ठरली.

परिणाम

कागदावर जर्मनी पहिली राहिली. माणसांच्या हिशेबात तसं झालं नाही. ७ ऑगस्ट १९४२ ला किंग यांच्या आग्रहाने पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाची मोहीम सुरू झाली आणि तिने सहा महिने जहाजं, विमानं, माणसं ओढून घेतली. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाच्या परिषदेत किंग यांची तक्रार होती की पॅसिफिकला एकूण साधनांच्या पंधरा टक्केच मिळतात, तीस तरी द्या. पण १९४३ संपताना मोजणी केली तेव्हा जर्मनीविरुद्ध आणि जपानविरुद्ध गुंतलेले अमेरिकी सैनिक, खलाशी, वैमानिक जवळजवळ सारखेच भरले. दोन्हीकडे अठरा लाखांच्या वर, आणि पॅसिफिककडे किंचित जास्त.

याला फसवणूक म्हणावं का? मी म्हणणार नाही. किंग यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. जपानला तीन वर्षं मोकळं सोडलं असतं तर प्रत्येक बेट किल्ला झालं असतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावाच्या इवल्याशा बेटासाठी ७६ तासांत सुमारे हजार मरीन मेले, तेही जपान्यांना तटबंदीला वर्षभराचाच अवधी मिळाला असताना. शिवाय मिडवेला जून १९४२ मध्ये जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्यावर संधी समोर होती. ती केवळ टिपणात बसत नाही म्हणून सोडणं शहाणपणाचं नव्हतं.

खरा निकाल कारखान्यांनी लावला. १९४४ या एका वर्षात जर्मनीने जवळपास चाळीस हजार विमानं बनवली, जपानने अठ्ठावीस हजारांच्या आसपास, अमेरिकेने ९६ हजार. म्हणून जून १९४४ मध्ये जे घडलं ते शक्य झालं : ६ तारखेला नॉर्मंडीचा किनारा आणि १५ तारखेला हजारो मैल दूर पॅसिफिकमधलं सायपान बेट. नऊ दिवसांच्या अंतराने दोन प्रचंड उतरणी. स्टार्क यांनी अशक्य ठरवलेला तिसरा पर्याय तोवर शक्य झाला होता, कारण एका आरमाराची दोन झाली होती.

आणखी एक गोष्ट जपानबद्दलची मोजणी खरी ठरवते. जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची रसद तोडायचा अटीतटीचा प्रयत्न केला, तो फसला. हजाराहून अधिक पाणबुड्या बांधल्या, त्यातल्या साडेसातशेच्या वर गमावल्या. अमेरिकी पाणबुड्यांनी तेच जपानच्या बाबतीत करून दाखवलं. नौदलाच्या दोन टक्क्यांहून कमी माणसांनी जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांतली निम्म्याहून अधिक बुडवली. जपानने व्यापारी काफिल्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र आरमारी विभाग उभा केला तोच नोव्हेंबर १९४३ मध्ये.

जर्मनी ८ मे १९४५ ला शरण आली. जपानच्या शरणागतीवर २ सप्टेंबरला सह्या झाल्या. चार महिन्यांपेक्षा कमी अंतर. पण हे लिहिताना एक भलं मोठं नाव राहून जाऊ नये : जर्मनीचे पन्नास लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पूर्व आघाडीवर. ‘आधी जर्मनी’ यशस्वी झाली ती सोव्हिएत रक्ताच्या आधारावर. नोव्हेंबर १९४० च्या टिपणात ब्रिटन सगळीकडे आहे; रशिया तेव्हा युद्धातही नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, अटलांटिकचा किनारा. जर्मनी मुख्य शत्रू असं लिहून ठेवलेल्या देशाने जानेवारी १९४२ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांसाठी काही तयारी केलेली नव्हती. शहरांचे दिवे चालू होते, जहाजं एकेकटी जात होती. किंग यांनी अपुऱ्या संरक्षणाचे काफिले नकोत म्हणून काफिलेच लांबवले. त्या काही महिन्यांत सहाशेच्या आसपास जहाजं बुडाली. अपुरे काफिलेही काफिल्याविना बरे, हा पहिल्या महायुद्धाचा धडा तेव्हा ब्रिटिश सांगत होते. तो ऐकायला हवा होता.

दुसरं, जपानला दुय्यम म्हणता म्हणता कमी लेखणं. ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि वॉशिंग्टन व लंडनमध्ये ती एक झाली. जपानी वैमानिक चांगले नसतात, ते रात्री लढू शकत नाहीत, असल्या वांशिक समजुती अधिकाऱ्यांत सर्रास होत्या. झीरोबद्दलचे चीनमधून आलेले अहवाल कुणी मनावर घेतले नाहीत. ‘हा शत्रू दुय्यम, पण त्याच्या पहिल्या वर्षाच्या मुसंडीपुढे आपण टिकणार नाही’ एवढं एक वाक्य योजनेत असतं, तर मलाया आणि फिलिपिन्समधली मांडणी वेगळी झाली असती.

तिसरं फिलिपिन्सचंच, आणि ते मला सर्वांत जास्त सलतं. चौथा पर्याय निवडल्या क्षणी फिलिपिन्स वाचवता येणार नाही, हे ठरलं होतं. असं असूनही १९४१ च्या उत्तरार्धात तिथे घाईने सैन्य आणि बॉम्बफेकी विमानं पाठवली गेली. न वाचवण्याचं ठरलेल्या ठिकाणी माणसं वाढवण्यापेक्षा ती वेळेत काढून घेता आली असती, किंवा निदान फिलिपिनो सरकारला खरं सांगता आलं असतं. झालं उलटंच. १४ जानेवारी १९४२ ला वॉशिंग्टनची परिषद संपली आणि जर्मनी पहिली यावर मोहोर उठली. १५ जानेवारीला फिलिपिन्सच्या बाताआन द्वीपकल्पात अर्धपोटी लढणाऱ्या अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांना तिथले सेनापती जनरल मॅकार्थर यांचं पत्रक वाचून दाखवण्यात आलं : मदत निघाली आहे, हजारो सैनिक आणि शेकडो विमानं येत आहेत.

९ एप्रिलला पंचाहत्तर हजारांच्या आसपास सैनिक तिथे शरण गेले. हजारो जण कैदेत चालवत नेताना वाटेतच मेले. काबानातुआनच्या छावणीत जिवंत राहिलेल्या पाचशेवर कैद्यांची सुटका झाली ३० जानेवारी १९४५ ला. ते पत्रक वाचून दाखवल्याला तेव्हा तीन वर्षं आणि पंधरा दिवस झाले होते.